पानोपान चालणारा तक्ता आणि त्याच्या तळटिपा

तक्ता एका पानात मावतो तोवर तळटिपांचा त्रास फारसा जाणवत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या पानावर गेला की तक्रारी सुरू होतात. टिपेचा आकडा एका पानावर आणि टीप पुढच्या पानावर जाते, अर्धे पान कोरे राहते, १ नंतर थेट ३ दिसतो, किंवा टीप तक्त्यापासून इतकी दूर पडते की वाचणाऱ्याला ती मजकुराचीच वाटते. प्रबंध, वार्षिक अहवाल, सर्वेक्षणाच्या पुस्तिका करणाऱ्यांना हे नेहमीचे आहे. छपाईच्या आदल्या रात्री एन्टर दाबून तक्ता खाली ढकलण्याचा उपाय बहुतेकजण करतात, आणि एक ओळ वाढली की सगळे पुन्हा बिघडते.

या लेखासाठी एक खरा तक्ता डोळ्यांसमोर ठेवू: २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची जिल्हानिहाय लोकसंख्या. तेव्हा जिल्हे ३५ होते, म्हणजे शीर्षक आणि बेरजेची रो धरून तक्ता सहज दोन पाने घेतो. टिपाही टाळता येत नाहीत. ठाण्याच्या १ कोटी १० लाखांच्या आकड्यात आजचा पालघर आहे, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या जनगणनांचे आकडे शेजारी ठेवायचे तर आणखी टिपा लागतात: नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये झाले. या टिपा नसतील तर तक्ता चुकीचा वाचला जातो. ठाण्याची आजची लोकसंख्या म्हणून कोणी तो आकडा उचलेल.

आधी ठरवा: टीप पानाची की तक्त्याची?

वर्डमधली तळटीप पानाची असते. ज्या ओळीत तिचा आकडा आहे, ती ओळ ज्या पानावर पडेल त्या पानाच्या तळाशी टीप जाते. तक्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याच्याशी तिला देणेघेणे नाही. उलट पालघरची टीप तक्त्याची आहे. तक्ता उचलून दुसऱ्या प्रकरणात नेला किंवा सादरीकरणात चिकटवला तर ती सोबत जायला हवी.

संशोधनलेखनाच्या शैलींमध्ये हा भेद पूर्वीपासून आहे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीत तक्त्याच्या टिपा तक्त्याखाली येतात आणि मजकुराच्या तळटिपांशी त्यांचा संबंध नसतो. आधी संपूर्ण तक्त्याला लागू असणारी सर्वसाधारण टीप, मग एखाद्या कॉलमची, रोची किंवा सेलची विशिष्ट टीप, शेवटी सांख्यिकीय संभाव्यतेची टीप. विशिष्ट टिपांना आकडे न देता वर चढवलेली लहान अक्षरे देतात, कारण लोकसंख्येच्या आकड्याला चिकटलेला छोटा २ हा वर्ग वाटू शकतो किंवा आकड्याचाच भाग वाटू शकतो. मराठी तक्त्यांनाही हे कारण तितकेच लागू आहे. विद्यापीठाच्या किंवा प्रकाशकाच्या नियमावलीत काही वेगळे लिहिले असेल तर ते पाळा. तसे काही नसेल तर माझे मत स्पष्ट आहे: एका पानापेक्षा मोठ्या तक्त्यात वर्डची आपोआप येणारी तळटीप वापरू नये.

तरीही ती वापरावी लागते. मार्गदर्शकांचा आग्रह असतो, किंवा तक्त्यात शंभर संदर्भ असतात आणि ते मजकुराच्या क्रमातच हवे असतात. म्हणून आधी तिचे दोष कसे काढायचे ते पाहू.

पानाच्या तळटिपाच ठेवायच्या असतील तर

सुरुवात तक्त्याच्या मांडणीपासून करा. तक्त्यात कुठेही क्लिक करून राइट क्लिक, ‘टेबल प्रॉपर्टीज’. ‘टेबल’ या टॅबवर ‘टेक्स्ट रॅपिंग’ हे ‘नन’ असायला हवे. ते ‘अराउंड’ असेल तर तक्ता तरंगता होतो आणि पानाच्या तळाशी टिपांसाठी जागा राखण्याचे गणित बिघडते. माउसने तक्ता थोडा सरकवला तरी ही सेटिंग नकळत बदलते, त्यामुळे जुन्या फाइलींत हे हमखास सापडते. शीर्षकाची रो प्रत्येक पानावर येत नसेल तर त्याचेही कारण बहुधा इथेच असते.

‘इन्सर्ट फूटनोट’चे बटण करडे पडले असेल, तर तक्ता टेक्स्ट बॉक्समध्ये आहे का ते पाहा. टेक्स्ट बॉक्समध्ये, तसेच पानाच्या हेडर-फूटरमध्ये, वर्ड तळटीप घेत नाही. तक्ता कापून बाहेर मुख्य मजकुरात चिकटवा.

आता ‘टेबल प्रॉपर्टीज’मधला ‘रो’ हा टॅब. इथला ‘अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ हा पर्याय बहुतेक गोंधळाच्या मुळाशी असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी त्रास देतो.

खूण काढली तर रो अखंड राहते. पण आकडा असलेली ओळ आणि तिच्या टिपेची निदान सुरुवात एकाच पानावर बसवायची असते. रो उंच आणि टीप लांब असेल तर दोन्ही मिळून उरलेल्या जागेत मावत नाहीत. मग पूर्ण रो पुढच्या पानावर जाते आणि मागे मोठी कोरी जागा राहते. ‘वर्ड उगाच पान सोडतो’ अशी तक्रार असते त्या वेळी बहुधा हेच घडलेले असते.

खूण ठेवली तर रो दोन पानांत तुटते आणि आकड्यांचा क्रम विस्कटलेला दिसतो. वर्ड टिपांना क्रम देताना रोमधला पहिला सेल पूर्ण वाचतो, मग दुसरा, मग तिसरा. समजा, दुसऱ्या सेलमध्ये लांब परिच्छेद आहे आणि त्याच्या शेवटच्या ओळीत टीप २ आहे. तिसऱ्या सेलमध्ये एकच ओळ आहे आणि तिथे टीप ३ आहे. रो तुटली की परिच्छेदाचे शेपूट, म्हणजे टीप २, पुढच्या पानावर जाते. पहिल्या पानाच्या तळाशी १ आणि ३, दुसऱ्या पानाच्या तळाशी २. वर्डच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नाही, त्यामुळे आकडे अद्ययावत करून किंवा फाइल बंद करून उघडून ते सुटत नाही. त्या एका रोपुरती खूण काढा. सगळा तक्ता निवडून सरसकट काढू नका, नाहीतर कोऱ्या जागांचा पहिला त्रास परत येतो. ज्या रो उंच आहेत आणि ज्यांत एकाहून अधिक सेलमध्ये टिपा आहेत, तेवढ्याच अखंड ठेवा. त्यानेही जमले नाही तर उंच रो दोन रोंत विभागा आणि मधली रेघ काढून टाका.

याच टॅबवर ‘स्पेसिफाय हाइट’ला खूण असून शेजारी ‘एक्झॅक्टली’ असेल तर ते ‘अॅट लीस्ट’ करा. ठरावीक उंचीच्या रोमध्ये जास्तीचा मजकूर दिसेनासा होतो, आणि त्यात टिपेचा आकडा असेल तर खाली टीप आहे पण वर आकडाच नाही असे कोडे पडते.

‘रिपीट अॅज हेडर रो’ लावलेल्या रोमध्ये तळटीप घालू नका. पुढच्या पानांवरची शीर्षकाची रो ही पहिल्या रोची नुसती प्रतिमा असते. आकडा प्रत्येक पानावर उमटतो, टीप मात्र पहिल्याच पानावर राहते. कॉलमच्या शीर्षकाबद्दल काही सांगायचे असेल तर ते तक्त्याच्या सर्वसाधारण टिपेत सांगा, किंवा खाली दिलेली दुसऱ्या शीर्षक रोची युक्ती वापरा.

‘फूटनोट अँड एंडनोट’च्या चौकटीत (‘रेफरन्सेस’मधल्या ‘फूटनोट्स’ गटाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबला की ती उघडते) आणखी दोन गोष्टी पाहा. ‘नंबरिंग’ हे ‘रीस्टार्ट ईच पेज’ नको, कारण मग एकाच तक्त्यात दोन ठिकाणी १ येतो. ‘कंटिन्युअस’ ठेवा. आणि ‘बॉटम ऑफ पेज’ऐवजी ‘बिलो टेक्स्ट’ निवडले तर टीप पानाच्या तळाला न जाता त्या पानावरच्या शेवटच्या मजकुराखाली येते. तक्ता अर्ध्या पानात संपून पुढे नवे पान सुरू होत असेल तर टिपा थेट तक्त्याखाली येऊन बसतात. भरलेल्या पानावर याने काही फरक पडत नाही. इतर प्रकरणांच्या शेवटच्या पानांवरही टिपा वर सरकतात, तेव्हा ती पाने तपासा.

एकाच टिपेचा आकडा तक्त्यात चार ठिकाणी हवा असेल तर तीच टीप चारदा लिहू नका. पहिल्या ठिकाणी तळटीप घाला. बाकी ठिकाणी ‘रेफरन्सेस’मधून ‘क्रॉस-रेफरन्स’, प्रकार ‘फूटनोट’, आणि ‘फूटनोट नंबर (फॉरमॅटेड)’. तक्ता लांब असेल तर दुसऱ्या पानावरच्या अशा आकड्याची टीप पहिल्या पानावर राहते, हे मात्र मान्य करावे लागते.

तक्त्याच्या टिपा तक्त्यातच: शेवटची रो

मी स्वतः बहुतेक तक्त्यांना हीच पद्धत वापरतो. थोडे काम आधी करावे लागते, पण नंतर तक्ता कुठेही हलवला तरी टिपा सुटत नाहीत.

पहिल्यांदा तक्त्याचा क्रम पक्का करा. जिल्हे अकारविल्हे हवेत, लोकसंख्येनुसार की विभागानुसार, ते आत्ताच ठरवून ‘सॉर्ट’ करून घ्या. टिपांची रो जोडल्यावर सॉर्ट केले तर तीही जिल्ह्यांमध्ये मिसळते, आणि एकत्र केलेल्या सेलमुळे सॉर्ट अडतेही.

मग शेवटी एक रो वाढवा, तिचे सगळे सेल निवडून ‘मर्ज सेल्स’ करा. डावी, उजवी आणि खालची रेघ काढा, वरची ठेवा. पहिली ओळ सर्वसाधारण टिपेची: ‘टीप: आकडे जनगणना २०११ चे असून जिल्ह्यांच्या सीमा त्या वेळच्या आहेत.’ तिला कोणतेही चिन्ह नको. तिच्याखाली विशिष्ट टिपा, प्रत्येक टीप स्वतंत्र परिच्छेदात.

त्या विशिष्ट टिपांना हाताने अक्षरे टाइप करू नका, क्रमांकित यादी लावा. ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’मध्ये देवनागरी अक्षरांचा पर्याय दिसत असेल तर तो घ्या, नसेल तर इंग्रजी लहान अक्षरे चालतात. अक्षरापुढचे टिंब खोडून टाका.

आता ठाण्याच्या आकड्यापुढे कर्सर ठेवा. ‘क्रॉस-रेफरन्स’, प्रकार ‘नंबर्ड आयटम’, ‘पॅराग्राफ नंबर’, आणि यादीतून पालघरची टीप. आलेले अक्षर निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबा, ते वर चढेल. नंतर मधे एखादी टीप वाढली तर खालची अक्षरे आपोआप बदलतील. वरची बदलण्यासाठी सगळा मजकूर निवडून एफ९ दाबावे लागते. अद्ययावत झाल्यावर एखादे अक्षर पुन्हा खाली उतरले नाही ना, हे पाहून घ्या. अक्षरांचा क्रम डावीकडून उजवीकडे, मग खालच्या रोत, असा ठेवा. वाचणारा तसाच वाचतो.

शेवटची काळजी पानाच्या सीमेची. टिपांची रो एकटीच नव्या पानावर जाऊ नये म्हणून तिच्यावरच्या दोन-तीन रो निवडून ‘पॅराग्राफ’च्या चौकटीत ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’खाली ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा. टिपांच्या रोला ‘अलाऊ रो टू ब्रेक’ची खूण नको. मग टिपा पुढच्या पानावर गेल्याच तर सोबत दोन-तीन जिल्हेही जातात.

फाइल संकेतस्थळावर जाणार असेल आणि दृष्टिहीन वाचक ती स्क्रीन रीडरने ऐकणार असतील, तर एकत्र केलेली रो टाळा आणि याच टिपा तक्त्याखाली साध्या परिच्छेदांत द्या. क्रॉस-रेफरन्स तसाच चालतो, ‘कीप विथ नेक्स्ट’ मग शेवटच्या रोलाही लावायचे.

पण टीप दोन पाने पुढे आहे, त्याचे काय?

रास्त प्रश्न आहे. पहिल्या पानावर अहमदनगरला अक्षर दिसते आणि टीप थेट तक्त्याच्या शेवटी असते. दोन पानांच्या तक्त्यात हे चालून जाते. चार-पाच पाने झाली की वाचक कंटाळतो आणि टीप न वाचताच पुढे जातो.

सगळ्या पानांना लागू असलेली टीप असेल तर ती शीर्षकाच्या रोखाली दुसरी रो करून तिथे लिहा, दोन्ही रो एकदम निवडा आणि ‘रिपीट हेडर रोज’ लावा. ‘लोकसंख्या हजारांत, सीमा २०११ च्या’ असे एका ओळीचे वाक्य प्रत्येक पानाच्या डोक्यावर येते. पुनरावृत्त होणाऱ्या रो तक्त्याच्या पहिल्या रोपासून सलग असायला लागतात, आणि तक्त्याच्या आत हाताने पान तोडले असेल तर त्या जागेपुढे शीर्षक येत नाही. कंट्रोल-एन्टरने तोडलेली पाने आधी काढून टाका.

विशिष्ट टिपा पुष्कळ असतील तर तक्ताच तोडा, पण पानाच्या हिशेबाने नव्हे, विषयाच्या. आपल्या तक्त्यात महसुली विभाग आयते आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. २०११ चे ३५ जिल्हे त्यांत अनुक्रमे ६, ५, ५, ८, ५ आणि ६ असे बसतात. सहा छोटे तक्ते, प्रत्येकाखाली त्याच्याच टिपा. पालघर कोकणाखाली, धाराशिव संभाजीनगर विभागाखाली, अहिल्यानगर नाशिकखाली. कर्सर नव्या भागाच्या पहिल्या रोमध्ये ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एन्टर दाबले की तक्ता तुटतो. शीर्षकाची रो प्रत्येक भागाला नव्याने चिकटवावी लागते. वाचकालाही असा तक्ता सोपा जातो, कारण तो आपला जिल्हा विभागातच शोधतो.

तिसरा मार्ग: सेक्शनच्या शेवटी अंत्यटिपा (एंडनोट)

मजकुराला तळटिपा आहेत, तक्त्याला तीस-चाळीस टिपा आहेत, आणि क्रमांक आपोआपच हवेत. अशा वेळी वर्डमध्ये हा मार्ग उत्तम चालतो. तक्त्याच्या मथळ्याआधी आणि तक्त्यानंतर ‘लेआउट’मधून ‘ब्रेक्स’, ‘कंटिन्युअस’ असे फाइलचे विभाग (सेक्शन) पाडा. तक्ता आडव्या पानावर असेल तर ‘नेक्स्ट पेज’. तक्त्यात ‘इन्सर्ट एंडनोट’ने टिपा घाला. त्याच गटाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबून ‘एंडनोट्स’ समोर ‘एंड ऑफ सेक्शन’ निवडा, क्रमांकाची अक्षरे निवडा आणि ‘रीस्टार्ट ईच सेक्शन’ करा. टिपा तक्ता संपताच खाली येतात आणि मजकुराच्या तळटिपांची मालिका वेगळी, अखंड चालू राहते.

मजकुरातही अंत्यटिपा असतील तर हे करू नका. ‘एंड ऑफ सेक्शन’ने त्याही आपापल्या विभागाच्या शेवटी येतात. ‘सप्रेस एंडनोट्स’ने त्या अडवता येतात, पण अडवलेल्या टिपा पुढच्या विभागात जातात आणि तो पुढचा विभाग तक्त्याचा असला तर दोन्हींची सरमिसळ होते.

विभाग पाडल्यावर पृष्ठक्रमांक ‘कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन’ आहे का ते पाहा. ज्या पानावर तळटिपा आहेत तिथे सलग विभाग कधीकधी नवे पान सुरू करतो, तेव्हा तक्त्याआधीचे पान नजरेखालून घाला. तक्ता आणि टिपा यांच्यामध्ये येणारी छोटी रेघ नको असेल तर ‘ड्राफ्ट’ दृश्यात जा, ‘शो नोट्स’ दाबा, खाली उघडलेल्या भागात ‘एंडनोट सेपरेटर’ निवडून ती खोडा. तळटिपांची रेघही तिथेच असते, आणि ‘फूटनोट कंटिन्युएशन नोटिस’मध्ये ‘टीप पुढील पानावर चालू’ असे लिहिता येते. लांब टीप तुटतेच आहे तर वाचकाला निदान तसे कळते.

लिबरऑफिस रायटरमध्ये

तक्त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टेक्स्ट फ्लो’ हा टॅब आहे. तक्ता पानांत विभागू द्यायचा का, रो तुटू द्यायची का आणि शीर्षक पुन्हा छापायचे का, हे तिन्ही पर्याय तिथे एकत्र मिळतात. टिपांसाठी पानाची किती जागा द्यायची हे पानाच्या शैलीतल्या ‘फूटनोट’ टॅबवर ठरते. ‘मॅक्सिमम फूटनोट हाइट’ फार लहान ठेवलेली असेल तर टिपा पुढच्या पानावर वाहतात.

तक्ता एका ‘सेक्शन’मध्ये घालून त्याच्या ‘फूटनोट्स/एंडनोट्स’ टॅबवर ‘कलेक्ट अॅट एंड ऑफ टेक्स्ट’ करता येते. पण तळटिपांच्या बाबतीत हा विभाग एका पानापेक्षा मोठा झाला तर टिपा पुन्हा ज्या त्या पानाच्या तळाशी जातात. लांब तक्त्यासाठी तिथेही अंत्यटिपाच घ्या, त्या विभागाच्या शेवटी जमतात.

गूगल डॉक्समध्ये फार खोलात जाण्यात अर्थ नाही. शेवटच्या रोची पद्धत हाताने करा.

देवनागरीचे वेगळे प्रश्न

वर्डमध्ये देवनागरीचा टंक आणि आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या रकान्यातून येतो. ‘फूटनोट टेक्स्ट’ शैलीचा आकार वरच्या लॅटिन रकान्यात ९ केला तरी मराठी टिपा पूर्वीच्याच आकारात राहतात, आणि टिपा इतकी जागा का खातात हे कळत नाही. शैली बदलताना दोन्ही रकाने बदला.

मात्रा, वेलांट्या, रफार आणि खालच्या उकारांमुळे देवनागरीची ओळ उंच असते. टिपांना ‘लाइन स्पेसिंग’ ‘एक्झॅक्टली’ करून जागा वाचवता येते, पण अंतर फार कमी झाले तर मात्रा कापल्या जातात. ‘र्की’ किंवा ‘ट्रू’ अशी अक्षरे असलेली ओळ छापून पाहा. वर चढवलेला आकडा शेवटच्या अक्षराच्या वेलांटीला टेकत असेल तर ‘फूटनोट रेफरन्स’ शैलीत ‘फॉन्ट’, ‘अॅडव्हान्स्ड’, ‘पोझिशन’ एक-दोन पॉइंटांनी वाढवा. शैलीतच बदला, म्हणजे सगळीकडे सारखे होते.

छपाईआधी

पाने कुठे तुटतात हे टंकावर अवलंबून असते. ज्या संगणकावर तुमचा टंक नाही तिथे फाइल उघडली की दुसरा टंक बसतो, ओळी बदलतात आणि टिपा पुन्हा सरकतात. म्हणून वर्डच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्ह’खाली ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ लावा, आणि पीडीएफ तुमच्याच संगणकावर करा. फाइलच्या नावापुढे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ दिसत असेल तर पानांची शेवटची तपासणी करण्याआधीच ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘कन्व्हर्ट’ करून घ्या, कारण रूपांतरानंतर पाने हलू शकतात. वर्ड आणि रायटर यांच्यात फाइल फिरवत असाल तर शेवटची मांडणी एकातच करा.

मग पीडीएफमध्ये तक्त्याचे प्रत्येक पान घ्या. प्रत्येक चिन्हावर बोट ठेवून त्याची टीप शोधा, आणि नंतर उलट, प्रत्येक टिपेवरून तिचे चिन्ह. दुसऱ्या फेरीतच हरवलेले आकडे सापडतात.